रंधा मशीनवर लाकूड नेण्यापूर्वी



गळीत संपून उसाची बिले हाती पडली की गावोगाव घरकामे निघतात. चौकटी हव्यात, दारे हवीत, लेकीच्या लग्नासाठी कपाट हवे. मग बांधावरची बाभूळ, परसातला लिंब, पाडलेल्या जुन्या घराच्या तुळया ट्रॉलीत पडतात आणि सुताराच्या दारात उतरतात. (उभे झाड तोडायचे तर परवानगीचे आधी विचारून घ्यावे.) रंधा मशीनची पाती मिनिटाला हजारो फेरे घेते. तिला लाकूड काय नि लोखंड काय, सारखेच. आत खिळा लागला तर पातीचा तुकडा उडतो, आणि तो कोणाच्या डोळ्यात जाईल याचा नेम नाही. मशीनपुढे सुतार उभा असतो, आपण नव्हे. म्हणून लाकूड निरखण्याची पहिली जबाबदारी आम्ही आणणाऱ्याचीच मानतो.

बांधावरच्या झाडाला आपण काय काय ठोकत नाही! काटेरी तार, मोटारीची पेटी, कंदिलाचा खिळा. निवडणुकीत तर झाडाला मोकळी जागाच राहत नाही. वर्षे गेली की झाड हे सारे पोटात घेते, वरून काही दिसत नाही. पण झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. छातीइतक्या उंचीवर ठोकलेला खिळा पन्नास वर्षांनीही तिथेच सापडतो. तेव्हा बुडख्याकडच्या ओंडक्याला चुन्याची खूण करून तो वेगळा तपासावा. बाभळीच्या ज्या तुरटपणावर चामडे कमावतात, त्याची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग उमटतो. करवतलेल्या फळीवर असा डाग दिसला की थांबायचे, अन् आत काय आहे ते आधी बघायचे. लोहचुंबक फिरवला तर वरवरचा खिळा कळतो. खोल गेलेल्यासाठी धातू शोधणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते. जुन्या तुळयांच्या चिरांत माती-वाळू बसलेली असते, ती तारेच्या ब्रशने काढावी, नाहीतर पातीची धार जाते. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

ओले लाकूड रंध्याला देऊच नये. तंतू उपटतात, भुसा तुंबतो, आणि गुळगुळीत केलेली फळी महिन्याभरात वाकडी होते. फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात. पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत हव्यात. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. घाई असणाऱ्याने वाळलेले लाकूड विकत घेतलेले बरे.

पीळ पडलेली फळी मशीनचे रूळ दाबून सपाट करतात, पण बाहेर आली की ती पुन्हा पिळाची पिळालाच! तिची एक बाजू आधी हातरंध्याने सपाट करून ती खाली ठेवावी. नुसती बाक आलेली असेल तर खोलगट बाजू खाली. सुटी गाठ असलेला भाग कापून टाकावा. फूटभरापेक्षा आखूड तुकडा मशीनमध्ये घालूच नये. तो दोन्ही रुळांतून सुटला तर पाती त्याला मागे फेकते. म्हणून फळीच्या नीट मागे न राहता बाजूला उभे राहायचे. एका वेळी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त काढायला सुताराला लावू नये, मजुरी थोडी वाढली तरी चालेल.

लाकूड उतरवताना ते बांधावरचे की जुन्या घराचे, हे सुताराला सांगावे आणि खिळा निघालेल्या जागेभोवती खडूने गोल करून द्यावा.