आराखड्यातील मालकाचा शब्द

मारुंजीहून हिंजवडीकडे निघालेल्या नोकरदाराने वाहनांच्या रांगेत ताटकळत ज्या मेट्रोकडे वर्षानुवर्षे आशेने पाहिले, त्या माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरांच्या मार्गिकेचे मालक आहे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. परंतु तिचा आराखडा, बांधणी आणि ३५ वर्षांच्या मुदतीतील परिचालन टाटा व सीमेन्स यांनी मिळून स्थापिलेल्या कंपनीकडे सोपविलेले आहे. अशा व्यवस्थेत मालकाने आराखड्यात कितपत लक्ष घालावे, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे.

जुन्या रिवाजात मालक आधी संपूर्ण नकाशे करवून घेई, मग निविदा काढी, आणि नकाशात दोष निघाल्यास त्याचा भुर्दंड स्वतः सोशी. आराखडा व बांधकाम एकाच मक्तेदाराकडे दिले की ही जोखीम त्याच्या शिरावर जाते, आणि मालकाचे खरे सामर्थ्य एकवटते ते आपल्या अपेक्षांच्या लेखी दस्तऐवजात. ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या १९९९ च्या पिवळ्या पुस्तकात मक्तेदाराची कागदपत्रे तपासण्यास साधारणतः २१ दिवसांची मुदत आहे, आणि तपासणी झाली म्हणून मक्तेदार उत्तरदायित्वातून सुटत नाही. मालकाने मात्र मागाहून नवी मागणी पुढे केली, की वाढीव खर्च व वाढीव मुदत या दोहोंचा दावा त्याच्याच दारी येतो.

मालासकट ठेक्याने बंगला बांधणाऱ्यास हे चांगले ठाऊक असते. न्हाणीघराची जागा सेंट्रिंग बांधण्यापूर्वी बदलली तर कागदावरची एक रेघ खोडावी लागते. स्लॅब टाकल्यावर बदलली तर ‘संक’, म्हणजे न्हाणीघरासाठी खोलगट ठेवलेला स्लॅबचा भाग, जुन्याच जागी राहतो, नळ नेण्यासाठी नव्या जागेची फरशी उंच करावी लागते, आणि उंबरठ्यावर एक पायरी कायमची वाढते.

पुण्याच्या विद्यापीठ चौकात हेच विशाल प्रमाणावर घडले. तेथे उड्डाणपूल आधी झाला, या मेट्रोचा निर्णय नंतर आला. आणि दोन दशकेही न वापरलेला तो पूल २०२० च्या जुलैत पाडून, खाली वाहने व वर मेट्रो अशी दुमजली रचना नव्याने हाती घ्यावी लागली. कोणताही मक्तेदार, कितीही निष्णात असला तरी, ही उणीव आधी भरून काढू शकला नसता. कारण एका चौकातून पुढील पन्नास वर्षांत काय काय जावे, हे ठरविणे मालकाचेच काम आहे, आणि ते दुसऱ्यास मक्त्याने देता येत नाही.

मारुंजीच्या परिसरात तर मालकच अनेक आहेत. ग्रामपंचायत, औद्योगिक विकास महामंडळ आणि महानगर प्राधिकरण यांच्या हद्दी एकमेकींस भिडतात. रस्ता एकाचा, त्याखालची जलवाहिनी दुसऱ्याची, पुढचा ओढा तिसऱ्याच्या अखत्यारीत. उद्या येथील रस्त्याची निविदा निघण्यापूर्वी या सर्वांच्या अपेक्षा एका कागदावर आणून त्याखाली सही कोणता अधिकारी करणार, हे नागरिकांनी आत्ताच विचारले पाहिजे.