लखनौचा अंतराळवीर आणि वैद्यकशास्त्र

माणसास अंतराळात धाडावयाचे, तर यंत्राइतकीच त्याच्या देहाचीही पारख व्हावी लागते. म्हणूनच वैमानिकांमागोमाग वैद्यही त्या वाटेने गेले. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी रशियाच्या ‘वोस्खोद’ यानातून बोरिस येगोरोव्ह हे डॉक्टर एक दिवसाच्या प्रवासास निघाले. अंतराळात जाणारे ते पहिले वैद्य होत. पुढे १९७३ साली अमेरिकेचे डॉक्टर जोसेफ कर्विन ‘स्कायलॅब’ या स्थानकात २८ दिवस राहिले.

आपल्या लखनौचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला डॉक्टर नव्हेत. ते हवाई दलाचे वैमानिक. परंतु त्यांच्या हातून घडलेले कार्य वैद्यकाच्या फार जवळचे आहे. १० ऑक्टोबर १९८५ रोजी जन्मलेल्या शुक्लांचे शालेय शिक्षण अलीगंजच्या सिटी मॉन्टेसरी शाळेत झाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते २००६ साली हवाई दलात दाखल झाले. २०१९ साली गगनयान मोहिमेसाठी त्यांची निवड झाली. त्यासाठी बंगळुरूच्या वैमानिकी वैद्यक संस्थेतील कसून तपासणीस त्यांना उतरावे लागले, आणि पुढे रशियात प्रशिक्षण घ्यावे लागले.

२५ जून २०२५ रोजी, उड्डाण अनेकदा लांबणीवर पडल्यावर, त्यांचे यान फ्लोरिडाहून झेपावले. लखनौत त्यांचे आईवडील शाळेच्या सभागृहात बसून ते दृश्य पाहत होते. राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या प्रवासानंतर अंतराळात गेलेले हे दुसरे भारतीय, आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पाऊल ठेवणारे पहिलेच.

तेथे त्यांनी कोणते काम केले, हे आपणांस ठाऊक असावे. भार नसल्यामुळे तेथे स्नायू क्षीण होतात आणि हाडेही दर महिन्यास एक टक्क्याहून अधिक झिजतात. म्हणून दीर्घकाळ राहणाऱ्यांस रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. स्नायूंच्या मूलपेशी अशा स्थितीत नवे तंतू का घडवीत नाहीत, आणि पूरक द्रव्यांनी त्यांस उभारी येते काय, हा बंगळुरूच्या शास्त्रज्ञांचा प्रश्न त्यांनी स्थानकातील प्रयोगपेटीत हाताळला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या व आयआयटीच्या शास्त्रज्ञांनी दिलेले मूग आणि मेथीचे दाणेही त्यांनी तेथे रुजविले.

१५ जुलै रोजी यान समुद्रात उतरले. वीस दिवसांनी माणसाची सवय कशी बदलते, हे त्यांनीच सांगितले आहे. हातातला मोबाइल जड वाटू लागला. पलंगाशेजारी लॅपटॉप ‘हवेत ठेवावा’ तसा त्यांनी सोडून दिला आणि तो खाली पडला!

वाचकहो, या प्रयोगांतून उद्याच औषध निघेल, असे कोणी समजू नये. पण आपल्या घरी कोणी वृद्ध महिनोन् महिने अंथरुणास खिळून असतील, तर त्यांचे हातपाय कसे काडीसारखे होतात, हे आपण पाहिले असेल. जो स्नायू वापरात नाही तो आटतो. हा नियम अंथरुणावर लागू आहे, तसाच अंतराळातही. मात्र अंतराळात निरोगी, धडधाकट माणसाच्या देहातही हा ऱ्हास अल्प काळात दिसून येतो, म्हणून तो तेथे अभ्यासणे सोयीचे ठरते. लखनौच्या या सुपुत्राने आपला देह आणि आपले हात अशा अभ्यासाच्या कामी लावले. त्याचे मोल उड्डाणाच्या क्षणापुरते नाही, हे आपण ध्यानी घ्यावे.