रणगाड्यात तिघं का लागतात?

वाशिम, रिसोड, कारंजा कुठंही बघा, मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांत गाडी चालवायची म्हटलं की प्रत्येकाला आपणच ड्रायव्हर व्हायचं असतं! पण तिथं गाडी चालवणाऱ्याला गोळी झाडता येत नाही. ते काम बाजूच्या आणि मागच्या मंडळींचं. म्हणून चारजण बसलेली यूएझी जीप भारी आणि एकट्याची यूएझी म्हणजे नुसतं पळायचं साधन.

खरा बॅलन्स इथंच असतो. बॅटलफील्ड ४ या गेममध्ये रणगाडा चालवणाराच मुख्य तोफही डागतो. एकटा माणूस इतका भारी पडतो, म्हणून समोरच्या पायदळाच्या हातात रॉकेट आणि सुरुंग द्यावेच लागतात. हेल लेट लूज या गेममध्ये उलट आहे. ड्रायव्हरला फटीतून दिसेल तेवढंच दिसतं, गनर तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो, आणि आजूबाजूला बघून "डावीकडे घे, थांब, मार" सांगायला कमांडर लागतो. तिघांचं जमलं नाही की शत्रू मागून येतो; मागचं चिलखत पातळ. मला हीच पद्धत पटते.

खऱ्या रणगाड्यातही असंच असतं. आपल्या टी-७२ मध्ये तिघं, कारण गोळा यंत्रच भरतं. अर्जुनमध्ये चौथा लोडर, तो गोळा हातानं भरतो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर आतली जागा किती असेल याचा अंदाज घ्या. आणि पुढच्या मॅचला माइक चालू ठेवा रे बाबांनो!