कानाला किती वॉट पुरतात?

गाण्याची आवड असलेल्या माणसाने पंचवीस-तीस हजारांचे हेडफोन घेतले की पुढचा प्रश्न आठवड्याभरात येतोच: आता याला अ‍ॅम्प कोणता लावू? दुकानदार म्हणतो, फोनवर याचा जीवच निघत नाही. एक मित्र सांगतो, दोन वॉटचा घे, पुढे चिंता नको. दुसरा सांगतो, घ्यायचाच तर व्हॉल्व्हचा घे, बाकी सगळे पाणचट. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट कोणी विचारत नाही. कानाच्या पडद्यापर्यंत किती डेसिबल पोहोचवायचे आहेत? हेडफोनचा अ‍ॅम्प निवडायची सुरुवात तिथून केली तर पैसेही वाचतात आणि कानही.

हेडफोनच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दोन आकडे असतात. पहिला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध. तो ओहममध्ये मोजतात. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेज किंवा ठरावीक शक्ती दिली तर आवाज किती डेसिबल होतो. हे दोन आकडे मिळाले की अ‍ॅम्पकडून काय हवे, हे कागद-पेन्सिलीने काढता येते. सेनहायझरचा एचडी 650 घ्या. तो 300 ओहमचा आहे आणि एक व्होल्ट दिला की 103 डेसिबल आवाज देतो. आपण साधारण 75 ते 80 डेसिबलच्या सरासरीने ऐकतो असे धरू. ऑर्केस्ट्राचा एखादा दणका किंवा तबल्याची जोरकस थाप त्या सरासरीच्या वीस-पंचवीस डेसिबल वर जाते. अगदी सढळ हाताने 110 डेसिबलची सोय ठेवली, तरी एचडी 650 ला सव्वादोन व्होल्टच्या आसपास लागतात. शक्तीच्या भाषेत हे झाले 17 मिलिवॉट. हे झाले क्षणभराच्या दणक्यासाठी. एरवी 80 डेसिबलवर गाणे चालू असताना हाच हेडफोन एका वॉटचा सुमारे साठ हजारावा भाग घेत असतो.

हा आकडा पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण गणित साधे आहे. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची आहे. दहा डेसिबल वाढवायला दहापट शक्ती लागते, आणि कानाला मात्र तो आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शक्ती दुप्पट केली तर फक्त तीन डेसिबल वाढतात. म्हणजे एक वॉटचा अ‍ॅम्प सोडून जास्त पैसे देऊन दोन वॉटचा घेतला, तर हाती लागतात तीन डेसिबल. तेही नॉब शेवटपर्यंत फिरवला तर, आणि तिथपर्यंत तो कोणी फिरवू नये.

मग फोन पुरतो का? बऱ्याच जणांना पुरतो. फोनला लावायच्या छोट्या डोंगलमधून साधारण एक व्होल्ट निघतो. एचडी 650 वर त्यातून 103 डेसिबलपर्यंत जाता येते. चित्रपटगीते, भावगीते, पॉप यांना ते भरपूर आहे. अडचण येते ती खूप हळू पातळीवर केलेल्या रेकॉर्डिंगना. ख्यालाच्या मैफलीचे जुने ध्वनिमुद्रण किंवा कॅसेटवरून उतरवलेले गाणे बऱ्याचदा इतके हळू असते की आवाजपट्टी टोकाला नेली तरी समाधान होत नाही. पुण्यातल्या अनेक घरांत अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेट अजून जपून ठेवलेल्या आहेत आणि मुलांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. अशा ऐकणाऱ्याला दोन-तीन व्होल्टचा साधा अ‍ॅम्प खरोखर उपयोगी पडतो.

खरा भुकेला हेडफोन वेगळाच असतो. प्लॅनर जातीच्या हेडफोनमध्ये पातळ पडद्यावर वाहकाच्या रेषा उमटवलेल्या असतात आणि तो पडदा चुंबकांच्या रांगेपुढे हलतो. यातले काही फारच आळशी असतात. हायफायमॅन कंपनीच्या एका मॉडेलचे नाव सुस्वरा आहे. नाव मराठी माणसाला ओळखीचे वाटेल, किंमत मात्र वाटणार नाही. तो 60 ओहमचा आणि एका मिलिवॉटला फक्त 83 डेसिबल देणारा. 110 डेसिबलसाठी त्याला अर्धा वॉट आणि साडेपाच व्होल्ट लागतात. इथे फोन कामाचा नाही, दमदार अ‍ॅम्पच हवा. दोन वॉटच्या अ‍ॅम्पची सगळी शिफारस अशा मोजक्या हेडफोनांसाठी असते आणि ती सरसकट सगळ्यांच्या गळ्यात मारली जाते.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. कानात बसणारे चांगले इअरफोन साधारण 16 ओहमचे आणि एका मिलिवॉटला 110 डेसिबल देणारे असतात. त्यांना 80 डेसिबलसाठी लागतात फक्त चार मिलिव्होल्ट. त्यांना एक व्होल्ट दिला तर हिशेबाने आवाज 128 डेसिबलवर जातो, दोन व्होल्ट दिले तर 134 वर. इथे अ‍ॅम्पची ताकद हा धोकाच आहे. नॉब चुकून पुढे राहिला, लॅपटॉपने सुरू होताना ‘टण्ण’ केले, की तो फटका थेट कानात. अ‍ॅम्पवर ‘हाय’ आणि ‘लो’ गेन असे बटण असेल तर इअरफोनसाठी ते ‘लो’वरच असू द्यावे, आणि अ‍ॅम्प सुरू केल्यावर मगच हेडफोन कानावर चढवावेत, कारण काही अ‍ॅम्प चालू-बंद होताना जोराचा ठोका देतात. ताकदवान अ‍ॅम्पवर संवेदनशील इअरफोन लावले की नॉब जेमतेम सुरुवातीलाच अडकून पडतो. तिथे स्वस्त नॉबच्या दोन बाजू सारख्या चालत नाहीत आणि गाणे एका कानाकडे झुकते. ग्राहक हेडफोन बदलून मागतो, दोष असतो नॉबचा.

अशा इअरफोनना शक्तीपेक्षा शांतता हवी. अ‍ॅम्पची स्वतःची खरखर दहा मायक्रोव्होल्ट असेल, तर एचडी 650 मध्ये ती तीन डेसिबलवर वाजते, म्हणजे ऐकूच येत नाही. वर सांगितलेल्या इअरफोनमध्ये तीच खरखर 28 डेसिबलची होते. रात्री शांत खोलीत, गवई अजून पहिला षड्ज लावायचा आहे आणि मागे नुसते तानपुरे झंकारत आहेत, तेव्हा ती जाणवते. अ‍ॅम्प पारखायला मला तरी तानपुऱ्याइतके चांगले साधन दुसरे दिसत नाही. जवारीचे बारीक कंगोरे, दोन तारांमधली हवा आणि त्यामागची शांतता: तिथे सूं सूं ऐकू आली तर तो अ‍ॅम्प त्या इअरफोनसाठी नाही.

तिसरा आकडा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स. जाहिरातीत हा सहसा नसतो, विचारून घ्यावा लागतो. ढोबळ नियम असा की तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. 16 ओहमच्या इअरफोनला दोन ओहमच्या आतला अ‍ॅम्प. हा नियम मोडला तर हेडफोनचा स्वभाव बदलतो, कारण हेडफोनचा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. काही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये हा आकडा मोठा असतो आणि त्यामुळे एचडी 650 सारख्या हेडफोनचा खर्ज एखाद्या डेसिबलने फुगतो. लोक त्याला ‘ऊब’ म्हणतात. आवडत असेल तर खुशाल घ्यावी, पण ती व्हॉल्व्हची जादू नाही, आणि तोच फरक इक्वलायझरवर फुकट मिळतो.

चांगल्या अ‍ॅम्पला फार पैसे पडतात का? 2011 मध्ये आपले नाव उघड न करणाऱ्या एका अभियंत्याने ‘ओटू’ नावाचा हेडफोन अ‍ॅम्प आखला, त्याची मोजमापे दाखवली आणि आराखडा सगळ्यांना खुला करून टाकला. पुढच्याच वर्षी तो गृहस्थ गप्प झाला तो कायमचा. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा तो अ‍ॅम्प. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत ज्यांनी कधी रेझिस्टर-कपॅसिटर पुडीत बांधून घेतले आहेत, त्यांना असल्या सर्किटची भीती वाटायचे कारण नाही. स्वच्छ, शांत, दोन-चार व्होल्ट देणारा अ‍ॅम्प हे आता स्वस्तातले तंत्र आहे. परदेशातून कोणाकडून मागवणार असाल तर एवढे पाहा, की सोबतचा अडॅप्टर आपल्या 230 व्होल्टवर चालणारा आहे.

तरीही दुकानात महागडा अ‍ॅम्प जास्त गोड वाटतो, आणि तसे वाटणे खोटे नसते. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच दाखवले की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज आणि टोकाचे तार स्वर कमी ऐकू येतात. आवाज थोडा वाढवला की तेच गाणे भरदार लागते. एक अ‍ॅम्प दुसऱ्यापेक्षा एखाद्या डेसिबलने मोठा वाजत असेल, तर तो ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. 1987 मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने स्पीकरच्या अ‍ॅम्पची चाचणी घेतली होती. दोन-सव्वादोनशे डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतचे अ‍ॅम्प, आवाज काटेकोर जुळवलेले, आणि कोणता वाजतो आहे हे ऐकणाऱ्यांपासून लपवलेले. ऐकणाऱ्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसे सरस निघाले नाहीत. म्हणून दोन अ‍ॅम्पची तुलना करताना आधी आवाज जुळवून मागावा.

याच ओढीपायी घरी आल्यावरही नॉब दर महिन्याला थोडा थोडा पुढे सरकतो, आणि इथून विषय कानाचा होतो. आतल्या कानाच्या शंखात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रौढांसाठीचे माप आहे आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा: 83 ला 20 तास, 86 ला दहा, 95 ला सव्वा तास. 100 डेसिबलला आठवड्याभरात वीसच मिनिटे. 12 ते 35 वयोगटातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान असल्या ऐकण्याने धोक्यात आहेत, असे संघटना सांगते. म्हणूनच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2019 मध्ये फोनसारख्या उपकरणांसाठी मानक जाहीर केले, ज्यात ऐकण्याचा ‘डोस’ मोजून इशारा देण्याची सोय आहे. पण हा इशारा फोन आपल्या आवाजपट्टीवरून देतो. पुढे स्वतःचा नॉब असलेला अ‍ॅम्प जोडला की तिथे काय चालले आहे, ते फोनला कळतच नाही. अ‍ॅम्प घेणारा माणूस पैसे मोजून ती राखण काढून टाकत असतो.

ती राखण साध्या मल्टिमीटरने परत मिळवता येते. नेहमीच्या आवाजावर नॉब ठेवा, हेडफोन काढून बाजूला ठेवा आणि पूर्ण पातळीवर तयार केलेला 100 हर्ट्झचा सूर वाजवा. अ‍ॅम्पच्या पिनेवर एसी व्होल्ट मोजा. समजा अर्धा व्होल्ट आला. एचडी 650 वर त्याचा अर्थ 97 डेसिबल, ही त्या नॉबची कमाल. हल्लीचे चित्रपटगीत सरासरीने त्याच्या दहाएक डेसिबल खाली असते, म्हणजे 87. त्या पातळीवर आठवड्याला आठ तास. ख्यालाचे रेकॉर्डिंग वीस डेसिबल खाली असेल तर 77, तिथे घड्याळ पाहायला नको. अंदाज चार-पाच डेसिबलने इकडेतिकडे होईल, पण ‘जास्त नाही ऐकत हो मी’ यापेक्षा तो कितीतरी बरा. नॉबवर त्या जागी स्केचपेनने ठिपका करून ठेवावा.

घर रस्त्याला लागून असेल तर उघड्या पाठीचे हेडफोन घेण्याआधी थांबा. उत्तम हेडफोनांपैकी बरेच तसे असतात आणि बाहेरचा आवाज ते अजिबात अडवत नाहीत. कर्वे रस्त्यावरच्या गोंगाटावर मात करायला नॉब पुढे जातो आणि दोष अ‍ॅम्पच्या कमी ताकदीला दिला जातो. तिथे बंद कपांचे हेडफोन अ‍ॅम्पपेक्षा जास्त काम करतात. गणेशोत्सवातही हाच घोळ होतो. ढोल-ताशाच्या सरावातून किंवा मिरवणुकीतून घरी आल्यावर कानाला दडे बसलेले असतात, बारीक शिट्टी वाजत असते. त्या वेळी ऐकण्याची क्षमता तात्पुरती खाली आलेली असते, गाणे हळू वाटते आणि हात आपोआप नॉबकडे जातो. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हेडफोन खुंटीला राहू द्यावेत. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे.

मोठी खरेदी करण्याआधी एकदा श्रवणतपासणी करून घ्यावी हे बरे. मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात आणि श्रवणतज्ज्ञांकडे ती होते. तपासणी अर्ध्या तासाच्या आत उरकते. नेहमीच्या तपासणीत 8,000 हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात. आलेखावर उजवा कान लाल गोलांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. गोंगाटाने झालेली इजा बहुधा 3,000 ते 6,000 हर्ट्झच्या मध्ये खड्ड्यासारखी दिसते, आणि बोलणे नीट ऐकू येत असताना ती वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. तो कागद हेडफोनच्या वॉरंटी कार्डाबरोबर फाइलला लावून ठेवा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी कराल तेव्हा शेजारी ठेवून पाहता येईल.