इंजिन चालू, ट्रॅक्टर जागच्या जागी

अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ म्हणजे जवळपास कुळाचार. संशोधक क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे हिशेब मांडला, तेव्हा अंगणं, उद्यानं, गोल्फची मैदानं असं सगळं धरून ही हिरवळ सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर भरली. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त! हंगामात ती आठवड्याला कापावी लागते. अंगण एकरभर असेल तर हाताने ढकलायचं यंत्र पुरत नाही. मग येतो बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर. पोटाखाली पाती, पायाशी पेडल. गिअर बदलायचे नाहीत, क्लच सांभाळायचा नाही. न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांनाही तो दहा मिनिटांत चालवता येतो.

आणि मग एका शनिवारी इंजिन गुरगुरतं, पाती फिरतात, पेडल तळाला टेकतं. ट्रॅक्टर मात्र गळ्या बैलासारखा बसकण मारतो.

‘ट्रान्समिशन गेलं’ हा निकाल शेजारी लगेच देऊन टाकतात. तो महागात पडू शकतो, कारण नवं ट्रान्समिशन शेकडो डॉलरला पडतं आणि जुन्या ट्रॅक्टरची किंमतही कधी कधी तेवढी नसते. बिघाड ट्रान्समिशनच्या बंद डब्याच्या आत आहे की बाहेर, हे आधी पाहायला हवं. बाहेरच्या कारणांना बहुतेक वेळा पान्याचीही गरज लागत नाही.

त्यासाठी डब्यात काय चालतं ते थोडं समजून घेऊ. या ट्रॅक्टरच्या चाकांना शक्ती पोहोचवतं ते तेल. जत्रेतली घोड्यांची चक्री उतारावर तिरकी मांडली तर प्रत्येक घोडा एका फेरीत एकदा वर जाईल, एकदा खाली येईल. डब्यातल्या, इंजिनाने फिरणाऱ्या पंपाच्या आत तेच घडतं. एका फिरत्या नळकांड्यात छोटे दट्टे असतात आणि त्यांची टोकं एका तबकडीला टेकलेली असतात. तबकडी सरळ असेल तर दट्टे नुसते गोल फिरतात, तेल हलत नाही. पेडल दाबलं की तबकडी कलते, दट्टे वरखाली होऊ लागतात आणि तेल शेजारच्या हायड्रॉलिक मोटरकडे ढकललं जातं. मोटर चाकं फिरवते. कल जास्त तर वेग जास्त. तबकडी उलटी कलली की ट्रॅक्टर मागे. इंजिन आपलं एकाच लयीत. आपल्याकडच्या ऊसतोडणी यंत्रांची चाकंही अशाच दाबाखालच्या तेलावर फिरतात, फक्त सगळं दहापट दांडगं.

तेलाची ही फेरी बंदिस्त असल्याने इंजिन बंद असताना ट्रॅक्टर ढकलायला गेलं तर तो हलत नाही. आतलं तेल चाकं धरून ठेवतं. म्हणून मागच्या बाजूला एक छोटा दांडा दिलेला असतो. तो ओढून खाचेत अडकवला की तेलाला आडवाट मिळते आणि ट्रॅक्टर ढकलता येतो. हाच पहिला संशयित. हिवाळ्याआधी कोणीतरी ट्रॅक्टर ढकलून शेडच्या कोपऱ्यात लावतो, दांडा तसाच ओढलेला राहतो आणि वसंतात सगळं घर ट्रान्समिशनच्या नावाने रडतं. दांडा आत ढकलला की रड संपते.

दुसरा संशयित पट्टा. पाती तर फिरताहेत, मग पट्टा ठीकच असणार, असं अनेकांना वाटतं. पण पात्यांचा पट्टा वेगळा, चाकांचा वेगळा. चाकांचा पट्टा निसटलेला, तेलकट झालेला किंवा झिजून पुलीच्या खोबणीत तळाला बसलेला असू शकतो. त्याला ताण देणारी स्प्रिंगही सुटलेली असू शकते. इंजिन बंद करून, किल्ली काढूनच खाली वाकून पाहावं. तिथे हिवाळ्यात उंदरांनी बांधलेलं घरटंही सापडू शकतं. पेडलपासून डब्यापर्यंत जाणारी सळई निखळली नाही ना आणि पार्किंग ब्रेक पूर्ण सुटतोय ना, हेही त्याच वाकण्यात पाहून घ्यावं.

सगळ्यात मजेशीर कारण मात्र चाकातच दडलेलं असतं. चाक आसावर अडकवून ठेवते ती पोलादाची एक बोटभर चौकोनी खुंटी. ती पडली की आस बिचारा इमानाने फिरतो आणि चाक तटस्थ. आस फिरताना दिसला, पण चाक हललं नाही, तर शेकडो डॉलरचा खर्च काही डॉलरवर आला समजायचं.

हवा हा प्रकार जरा वेगळा. तेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र आकसते; त्यामुळे तेलात बुडबुडे असले की पंपाची ताकद ते दाबण्यातच जाते. तेल बदलल्यावर हे हमखास होतं. उपाय साधा आहे: मागची चाकं भक्कम आधारावर उचलायची, पुढच्यांना अडसर लावायचा, आडवाटेचा दांडा ओढून इंजिन सुरू करायचं आणि पेडल सावकाश पुढे-मागे पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचं. मग दांडा आत ढकलून पुन्हा तेच. हवा निघून गेली की पंपाची किरकिर थांबते.

सकाळी उत्तम चालणारा ट्रॅक्टर अर्ध्या तासाने चढावर दम टाकत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत होत असेल, तर मात्र काळजीचं कारण आहे. पंपातले दट्टे केसाच्या जाडीहूनही कमी फटीत सरकतात. ती फट झिजून वाढली की तापून पातळ झालेलं तेल तिच्यातून निसटतं. तरी शेवटचा निकाल देण्याआधी डब्यावरचा पंखा बघावा. त्याची पाती मोडली असतील किंवा वाळलेल्या गवताने डबा माखला असेल, तरी तेल असंच तापतं.

इथे टफ टॉर्कच्या ‘के-४६’ या ट्रान्समिशनचं नाव घ्यावंच लागेल. टेनेसीतल्या मॉरिस्टाउनची ही कंपनी जपानच्या यानमार समूहातली. जॉन डिअर, हस्कवर्ना, क्राफ्ट्समन अशा वेगवेगळ्या रंगांच्या अनेक ट्रॅक्टरांखाली हाच डबा असतो. सपाट अंगणात, हलक्या कामाला तो चोख आहे. पण त्याला तेल काढायचं बूचच नाही. ‘आयुष्यभर देखभाल नको’ याचा अर्थ कोणाच्या आयुष्यभर, हे ज्याने त्याने ठरवावं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९६०च्या दशकातल्या, अशाच तेलाच्या दाबावर चालणाऱ्या (हायड्रोस्टॅटिक) कब कॅडेट ट्रॅक्टरला बदलता येणारा फिल्टर होता आणि त्यातले काही ट्रॅक्टर हौशी लोक आजही चालवतात.

के-४६चं तेल बदलायचं तर अख्खा डबा ट्रॅक्टरखालून उतरवून पालथा घालावा लागतो. गिअर आणि पंप एकाच तेलात भिजतात, त्यामुळे गिअरची झीज पंपाच्या वाटेला जाऊ नये म्हणून आत लोहचुंबक बसवलेले असतात. त्यांच्यावर करड्या लगद्याचा पातळ थर सापडणं हे नेहमीचंच. तो पुसून, कंपनीने सांगितलेल्याच जातीचं तेल भरून, हवा काढून पाहावी. लगद्याऐवजी धातूचे कपचे हाताला लागले, तर मात्र नव्या तेलाचा डबा उघडू नये. तो दुकानात परत करता येतो.