डोंगरीची जीन्स, वलसाडचा फ्रेडी

कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून पोरगं घराबाहेर निघालं की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली. 'हा काय अवतार?' आणि 'हे आपलं नाही.' पहिल्याचं ज्याचं त्याने बघावं. दुसऱ्याबद्दल मात्र मला बोलायचंय. कतारगाममध्ये एम्ब्रॉयडरीच्या डिझाइनचं पंचिंग करून मी पोट भरतो, त्यामुळे कुठलं कापड आणि कुठली नक्षी कुठून कुठे जाते याचा थोडा नाद आहे.

रॉकवाल्यांचा पोशाख जरा उसवून बघा. 'डंगरी' हा शब्द मुंबईच्या डोंगरीचा. तिथे मिळणारं जाडंभरडं कापड त्या नावाने परदेशी गेलं. डोक्याला गुंडाळायचा 'बंडाना' आपल्या बांधणीच्या कुळातला. साठच्या दशकात हिप्पींच्या शर्टांवर आली ती 'पेझली' म्हणजे तुमच्या आईच्या साडीवरची कोयरी. काश्मिरी शालींची नक्कल स्कॉटलंडच्या पेझली गावात विणली जाई, म्हणून तिला हे नाव. 1968 मध्ये फेंडर कंपनीने तर गिटारवरच कोयऱ्या चढवल्या! माझ्या कॉम्प्युटरमध्ये अशा कितीतरी कोयऱ्या पडून आहेत, पण त्या सगळ्या साड्यांच्या पदरासाठी.

आता जीन्स. 1873 मध्ये अमेरिकेत रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट निघालं, ते कष्टकऱ्यांसाठी. पन्नासच्या दशकात रॉक अँड रोल ऐकणारी शाळकरी पोरं तीच पँट घालून हिंडू लागली, तेव्हा तिथल्या आईबापांनाही 'अवतार'च वाटला. पुढे प्रत्येक पिढीने आपलं गाणं आणि आपला वेश जोडीनेच आणला. 1976 च्या लंडनमध्ये पंक पोरांनी फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडले. हेवी मेटलला चामडं आणि लोखंडी खिळे दिले ते जुडास प्रीस्टच्या रॉब हालफर्डने. सिअ‍ॅटलच्या ग्रंजवाल्यांनी जुन्या बाजारातले चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट घातले, कारण तिकडे थंडी होती आणि शर्ट स्वस्त होते. 1992 मध्ये मार्क जेकब्ज या डिझायनरने तशाच चौकड्या रेशमावर छापून न्यूयॉर्कच्या रॅम्पवर आणल्या आणि त्याची नोकरी गेली. धंद्यातला माणूस म्हणून मला त्याची दया येते, पण हसूही येतं.

आपल्याला सगळ्यात जवळचा माणूस मात्र फ्रेडी मर्क्युरी. सुरतेहून मुंबईची गाडी पकडली की वाटेत वलसाड लागतं. त्याचं जुनं नाव बुलसार, आणि फ्रेडीचं खरं आडनाव बुलसारा. हा पारशी मुलगा 1946 मध्ये झांझिबारला जन्मला आणि शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. म्हणजे सातारा जिल्ह्यात! 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड त्या शाळेतला. पुढे लंडनमध्ये त्याने ग्राफिक डिझाइन शिकलं आणि रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. क्वीन गाजण्याआधीची ही गोष्ट. कपडा माणसाला कसा उभा करतो हे त्याला गल्ल्यावर बसून कळलं असावं, असं आपलं मला वाटतं. 1974 मध्ये झँड्रा ऱ्होड्सने शिवलेला चुण्यांचा पांढरा झगा घालून तो स्टेजवर आला. 13 जुलै 1985 च्या लाइव्ह एडमध्ये नुसती पांढरी गंजी, फिकट जीन्स आणि दंडाला खिळ्यांचा पट्टा. दोन्हीत तो तितकाच राजा दिसला.

मुंबईत हा पंथ जमला तो धोबी तलावच्या रंगभवनात. 1986 मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक'ला भर पावसाळ्यात काळे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं गर्दी करायची. शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवन बंद झालं, काळा टी-शर्ट काही गेला नाही.

तो आता आमच्या घरात आलाय. माझी भाची मेटल ऐकते. डेनिमच्या जाकिटावर बँडचे पॅच शिवते. 'काळं कशाला?' म्हणून ताई कुरकुरली, तेव्हा आमच्या आईनेच संक्रांतीच्या चंद्रकळेची आठवण करून दिली. पण ताईची भीती रंगाची नव्हतीच. खानदेशातून येऊन इथे घर केलं, गुजराती शिकलो, चार लोकांत मिसळलो. आता पोरगी मुद्दाम वेगळी का दिसते? तिच्या लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील? भाचीचं म्हणणं उलटं होतं. वर्गात ती 'मराठी', गावी गेली की 'सुरतवाली'. तिच्या मेटलच्या कंपूत एक काठियावाडी, एक ओडिया आणि ही. तिथे 'तू मूळची कुठली' हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, 'काय ऐकतेस?'

यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग दोघींत तह झाला. लग्नसमारंभात जाकीट नाही, एरवी चालेल.

मी म्हटलं, आण डिझाइन, मशीनवर दहा मिनिटांत पॅच काढून देतो. तर म्हणे, "नको मामा. विकत घेतलेला चालेल, पण शिवायचा आपल्या हातानेच. नाहीतर पोरं हसतील." साठ-साठ साड्यांचं काम एका दिवसात उरकणाऱ्या गल्लीत ही मुलगी एका बाहीला दोन रविवार घालवते. टाका अजून वाकडाच येतो. सुई धरायची कशी, ते हल्ली ताई दाखवते.