ऑफिस समोर दिसतंय, पण जाता येत नाही!

‘‘अगं, बाल्कनीतून डेट्रॉइट दिसतंय बघ!’’ व्हिडिओ कॉलवर ताईनं फोन फिरवला. माझी ही मावसबहीण कॅनडातल्या विंडसरमध्ये राहते. मध्ये नदी आणि पलीकडे अमेरिका. तिथल्याच एका कंपनीनं तिला इंजिनीअरची नोकरी देऊ केली. इकडे मावशीनं पेढेही वाटले. ‘‘पीआर आहे ना तिच्याकडे, मग काय अडचण?’’

अडचण नेमकी तिथंच आहे. पीआर म्हणजे कॅनडात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क. ताईचा पासपोर्ट अजून भारताचा आहे आणि अमेरिका तोच बघते. साधं फिरायला जायचं तरी तिला व्हिसा लागतो.

मग विंडसरच्या नर्सेस रोज डेट्रॉइटला ड्युटीला कशा जातात? कॅनडा, अमेरिका, मेक्सिको यांच्या व्यापार करारात ‘टीएन’ नावाची सोय आहे. नर्स, इंजिनीअर, अकाउंटंट अशा ठरावीक पेशांतले कॅनेडियन ऑफर लेटर आणि डिग्री दाखवून थेट सीमेवरच ती मिळवू शकतात. पण ही सोय फक्त नागरिकांना आहे, पीआरवाल्यांना नाही.

ताईपुढे उरतो एच-वन-बी. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार जागा. अर्ज जास्त आले की लॉटरी! म्हणजे पुण्यातून अर्ज करणारा आणि नदीकाठी राहणारी ताई एकाच रांगेत.

‘व्हिजिटर व्हिसावर जाऊन ये की चार दिवस काम करून’, असा सल्ला तिला एका मित्रानं दिला. तो चुकूनही ऐकू नका. पकडलं गेलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढचे अर्जही अडकतात. विंडसरमध्ये घरी बसून अमेरिकी कंपनीचं काम करणं मात्र चालतं, टॅक्स कॅनडात भरायचा. ताईनं कंपनीला तसं विचारलंय. उत्तर यायचंय.

आणि नागरिकत्व? त्यासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात काढावे लागतात. ताईचे आता थोडेच राहिलेत. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचा पासपोर्ट घेतला की आपला परत करावा लागतो. ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण मतदानाचा हक्क जातो.

हे ऐकल्यावर मावशी गप्पच झाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘नोकरीसाठी एवढं?’’

ताई हसली नाही. ‘‘दिवस मोजतेय मी आई,’’ ती म्हणाली, ‘‘पण अर्ज करेन का, ते अजून ठरत नाहीये.’’

कॅनडाच्या पीआरची स्वप्नं बघणारे माझ्या वर्गातही खूप आहेत. फॉर्म भरण्याआधी हा हिशेब त्यांनीही एकदा मांडून बघावा.